बांध डोंगरावरही लागतो



2021 च्या ऑगस्टअखेरीस एका रात्रीत चाळीसगाव तालुक्यावर काय गुदरले, ते आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तितूर आणि डोंगरी नद्यांनी पात्र सोडले, गोठ्यांतली जनावरे दाव्यासकट वाहून गेली. पात्या-बोंडांवर आलेली कपाशी गेली ती गेलीच. पण ज्यांच्या शेतातली वरची माती खरडून निघाली, त्यांचे नुकसान एका हंगामाचे नव्हते. कपाशी पुढच्या मृगाला पुन्हा लावता येते, माती कुठून आणायची?

तेवढा पाऊस एका रात्रीत कोसळला तर वर कितीही दाट जंगल असो, पूर यायचाच. झाडे लावा, पूर थांबेल, हा भाबडा प्रचार आम्ही करणार नाही. जंगलाचा खरा उपयोग दरसाल येणाऱ्या जोराच्या पावसात होतो. एका एकरावर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटर पाणी. खाली पालापाचोळा आणि मुळ्यांचे जाळे असेल तर त्यातले पुष्कळ पाणी मुरते. वणव्याने जळलेल्या, जनावरांनी तुडवलेल्या उतारावरून तेच पाणी माती घेऊन पळते. रावेर, यावल, चोपडा भागात सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा पट्टा आहे. भूगर्भवाले त्याला बझाडा म्हणतात. अनेर, मोर, सुकी या नद्यांचे पाणी तिथे जिरते आणि खालच्या विहिरींना मिळते. वरून गाळ येऊन तो पट्टा बुजला तर विहिरी कितीही खोल नेल्या तरी काय उपयोग?

पाऊस आता थोड्या दिवसांत जास्त पडतो आणि मध्ये लांब खंड देतो. कोरडवाहूवाल्याला दोन्हीकडून मार. म्हणून डोंगराचे जंगल हा फक्त वनखात्याचा विषय राहिलेला नाही. 1952 च्या वननीतीने संरक्षक वनांचा वेगळा वर्ग सांगितला. 1988 च्या नीतीने डोंगराळ भागाचा दोन तृतीयांश वनाखाली हवा म्हटले. स्वित्झर्लंडने 1876 साली डोंगरवनांसाठी कायदा केला, आणि आजही खालच्या वस्तीला वाचवणाऱ्या जंगलाच्या निगराणीला तिथले सरकार पैसा देते. आपल्याकडे हिशेब होतो तो किती रोपे लावली याचा. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यातली किती जगली, हे विचारा म्हणजे सभा शांत होते! आमच्या मते नव्या खड्ड्यांआधी जुनी खोडे राखा. नुसता एका वयाचा साग नको; अंजन, सलई, धावडा, मोह, खैर मिसळून हवेत, म्हणजे एका दुष्काळात किंवा एका रोगात सगळे रान बसणार नाही. जाळरेषा उन्हाळ्याआधी काढल्या पाहिजेत, वणवा लागल्यावर नव्हे.

आता थोडे कडू. जंगल आदिवासींनी तोडले, असे म्हणण्याची सपाटीवर सवय आहे. पण आपली ज्वारी कमी झाली, कपाशी आणि मका वाढला, कडबा महागला. कपाशीच्या पळाट्या काही बैल खात नाहीत. मग जनावरे जातात कुठे? डोंगरावर. चाऱ्याचा प्रश्न शेतात सुटल्याशिवाय चराईबंदी टिकणार नाही. ज्वारीला भाव मिळण्याची मागणी म्हणूनच जंगलाचीही मागणी आहे.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने हे करून दाखवले आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी 1990 च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली, मोडणाऱ्याला दंड ठेवला, आणि चारशेहून अधिक हेक्टर जंगल उभे केले. 2025 मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. पण एका गावाचा सत्कार करून बाकीच्या डोंगराचे काय? 2006 चा वनहक्क कायदा ग्रामसभेला सामूहिक वनसंसाधन राखण्याचा हक्क देतो. ज्या पाड्यांचे दावे अडकले आहेत, त्यांच्यासाठी खालच्या गावांनी बोलले पाहिजे.

या सभेपुढे आम्ही तीन ठराव ठेवत आहोत. पायथ्याच्या तालुक्यांतले सामूहिक वनहक्काचे प्रलंबित दावे मुदत घालून निकाली काढावेत. वृक्षलागवडीच्या निधीतला वाटा राखणदारी, जाळरेषा आणि चाऱ्यासाठी ग्रामसभांच्या हाती द्यावा. आणि ज्वारीची सरकारी खरेदी वेळेवर सुरू व्हावी. दुरुस्त्या असतील त्यांनी त्या लेखी आणाव्यात, मतदान दुपारच्या बैठकीत होईल.