मे महिन्यातले पायमोजे

नागपूरच्या मे महिन्यात कुणी पायमोजे घालून झोपत नाही. कूलरसमोर कुणी झोपायचं यावरून आमच्या घरात रोज भांडण होतं, आणि मुलांच्या अंगावर बनियन टिकली तरी पुष्कळ. अशा दिवसांत माझा थोरला, वय वर्षे आठ, सलग दोन रात्री शाळेचे पांढरे मोजे घालून झोपला. विचारलं तर म्हणाला, "डास चावतात." मी हसले. त्याच्या बाबांनी तर फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. धाकटा साडेचार वर्षांचा. त्यानेही हट्ट करून मोजे घातले, एक निळा, एक पांढरा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी धुवायला म्हणून मोजा ओढला, तर तो घोट्यापाशी चिकटलेला. आत कुत्र्याच्या दातांच्या चार खुणा होत्या.

झालं होतं असं. विहाराच्या मागच्या पडक्या खोलीत कुत्री व्याली होती. "तिकडे गेलास तर तंगडं तोडीन," असं बाबांनी बजावलं होतं. हा गेला, पिल्लू उचललं, आणि कुत्रीने तिचं काम केलं. मग आठ वर्षांच्या डोक्याने हिशेब केला. कुत्री चावली हे एक संकट, बाबांना कळलं तर दुसरं. पहिलं तर होऊन गेलं होतं, दुसरं अजून टाळता येत होतं. धाकट्याला गप्प राहण्याबद्दल दोन चॉकलेटं मिळाली होती. त्याचे दोन रंगांचे मोजे म्हणजे भावाच्या कटात सामील झाल्याची खूण होती, हे आम्हाला नंतर कळलं.

हे आता सांगताना हसू येतं. पण त्या सकाळी रिक्षात बसले तेव्हा माझे हात थरथरत होते. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लक्षणं दिसण्याआधी लस घेतली तर हा आजार पूर्ण टाळता येतो. मधला जो काही वेळ असतो, तोच आपल्या हातात असतो. माझ्या मुलाने त्यातले छत्तीस तास मोज्यात लपवून ठेवले होते.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "साबणाने धुतलं का?" नव्हतं धुतलं. कुत्रा चावला, ओरबाडलं किंवा जखमेवर त्याची लाळ लागली, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. चुना, हळद, तिखट, कॉफी काहीही चोपडायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही. मग थेट दवाखाना. रक्त आलेली जखम असेल तर लसीबरोबर जखमेच्या भोवती आणखी एक औषध टोचतात, इम्युनोग्लोब्युलिन. लस काम करायला काही दिवस लागतात, तोवर हे औषध राखण करतं. उशीर झाला म्हणून "आता काय उपयोग" असं म्हणून घरी बसायचं नाही, कळेल त्या क्षणी जायचं. पाळलेलं कुत्रं, लहान पिल्लू, शेजारच्यांचं ओळखीचं, असलीही सबब नको.

आमचे चिरंजीव पोट दोन्ही हातांनी झाकून बसले होते. "पोटात चौदा इंजेक्शनं देतात ना?" हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे (ही आपली जुनी बोलायची सवय, संपादकांनी माफ करावी). पोटातली ती इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. आता लस दंडावर देतात. कातडीत द्यायची पद्धत असेल तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडाच्या स्नायूत देणार असतील तर चौदाव्या दिवशीही एक. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. पण अर्ध्यावर सोडायची नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर बाबा मुलावर एक शब्दही ओरडले नाहीत. रात्री मला म्हणाले, "अगं, मी तंगडं तोडीन म्हणालो होतो, तोडणार थोडाच होतो?" हे त्याला कसं कळावं? आपण मोठी माणसं धमकी बोलायला म्हणून बोलतो, आणि मुलं ती खरी मानून त्याप्रमाणे वागतात. म्हणूनच हा लेख लिहायला बसले. मुलांच्या आरोग्यावर आपण लसीकरण, जंतनाशक गोळी, पालेभाज्या एवढं बोलतो. ते हवंच. पण मार बसण्याच्या भीतीने मुलगा दुखणं लपवतो, ही गोष्ट आरोग्याच्या पानावर यायला हवी असं माझं मत आहे.

धाकट्याचं प्रकरण त्याआधी वर्षभराचं. स्वयंपाकघरात हरभरे निवडत होते, हा शेजारी बसला होता. थोड्या वेळाने नाकाने बोलायला लागला. "नाकात काय आहे?" "काहीच नाही." "हरभरा घातलास का?" "मी नाही घातला. तोच गेला." तोच चालत गेला, आणि आत झोपला आहे, म्हणून त्याला उठवायचं नाही! सासूबाई तेल घालायला निघाल्या होत्या, मी चिमटा शोधत होते. दोन्ही चूक. हरभरा ओला झाला की फुगतो आणि चिमट्याने आणखी आत जातो. आमच्या वस्तीतल्या डॉक्टरांनी सोपी गोष्ट करायला लावली. मोकळी नाकपुडी बोटाने बंद करायची, आपलं तोंड मुलाच्या तोंडावर घट्ट लावायचं आणि एक जोरदार छोटी फुंकर मारायची. बाबा पुढे आले तर हा म्हणाला, "बाबा नको, मिशा टोचतात." शेवटी मीच फुंकर मारली आणि हरभरा माझ्या गालावर आला. दरवेळी असं निघेलच असं नाही. नाही निघाला तर घरी झटापट न करता डॉक्टरकडे जायचं. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड अनेक दिवस येत असेल, तर सर्दीची औषधं पाजत बसण्याआधी नाकात काही अडकलं आहे का ते पाहून घ्यावं. मुलाने तुम्हाला सांगितलेलं नसतं एवढंच.

हरभऱ्यावर हसता येतं. बटणासारख्या चपट्या सेलवर नाही. रिमोट, वजनकाटा, चमकणारी खेळणी यांत हा सेल असतो, आणि बुद्धपौर्णिमेला आपण विहारात आणि घरात लावतो त्या सेलवरच्या मेणबत्त्यांतही असतो. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथली कातडी जाळायला सुरुवात करतो. नाकात गेला तरी थोड्या तासांत आतला पडदा जळतो. उलटी करवायची नाही, "शौचावाटे पडेल" म्हणून वाट पाहायची नाही, तडक एक्स-रे काढणाऱ्या रुग्णालयात न्यायचं. नुकताच गिळला असेल, मूल एक वर्षाच्या वरचं असेल आणि गिळू शकत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध द्यावा, सहा वेळांपर्यंत, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. मध शोधण्यासाठी थांबायचं मात्र नाही. आता विचार करा. सेल गिळलेल्या मुलाला आपण विचारतो, "काय केलंस? खरं सांग, नाहीतर बघ!" त्या "बघ"पायी दोन तास सहज जातात.

मज्झिम निकायात अभयराजकुमार सुत्त आहे. राजपुत्र अभयाच्या मांडीवर तान्हं मूल असताना भगवान त्याला विचारतात, की तुझ्या किंवा दाईच्या हलगर्जीपणामुळे या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? अभय म्हणतो, रक्त आलं तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची करुणा आहे. (आजचे डॉक्टर सांगतात की वस्तू डोळ्यांना दिसत असेल तरच बोट घालावं, आंधळेपणाने घातलं तर ती आत ढकलली जाते.) मला मात्र त्या प्रश्नातला "हलगर्जीपणा" हा शब्द फार लागला. भगवंतांनी चूक मुलाच्या माथी मारली नाही. काडी मुलाच्या तोंडात गेली ती मोठ्यांच्या दुर्लक्षामुळे, हे प्रश्नातच धरलेलं आहे.

आणि राहुलाला केलेला उपदेश आपण सगळ्यांनी विहारात ऐकला आहे. राहुल तेव्हा सात वर्षांचा होता असं अट्ठकथा सांगते, म्हणजे माझ्या थोरल्याहून लहान. पाण्याच्या भांड्यात थोडंसं पाणी ठेवून, मग ते ओतून, मग भांडं पालथं घालून भगवान त्याला दाखवतात की जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याचं काय होतं. सम्राट अशोकाने ज्या सात उपदेशांचा भाब्रू लेखात उल्लेख केला आहे, त्यांत राहुलाला केलेला हा खोटं बोलण्याविषयीचा उपदेश आहे. पण आपण मुलांना भांड्याचाच भाग सांगतो आणि पुढचा विसरतो. पुढे भगवान म्हणतात की करण्याआधी विचार कर, करताना कर, केल्यावर कर, आणि चूक झाली असेल तर ती जाणत्या माणसाजवळ उघड करून सांग. उघड करून सांगायचं तर ऐकणारं माणूस हवं. त्या जाणत्या माणसाच्या हातात झाडू किंवा पट्टा असेल, तर राहुलसुद्धा मोजे घालूनच झोपेल.

आमच्या शेजारचे एक काका यावर म्हणाले, "मार खाऊनच आपण घडलो. जग आपल्या पोरांना गोंजारणार नाही, घरी थोडं टणक केलेलं बरं." काकांनी आयुष्यात काय सोसलं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी उलट बोलले नाही. पण मला हे पटत नाही. आपल्या आज्या-पणज्यांना, आजोबांना पाणवठ्यावर, शेतावर, शाळेच्या पायरीवर ज्यांनी मारलं ते कोण होते? त्यांचं राहिलेलं काम आपण घरात बसून का पुरं करायचं? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारायला बंदी घातली. गुरुजींची छडी गेली आणि घरातलं लाटणं राहिलं.

मुलग्यांचं आणखी एक. "मुलीसारखा रडतोस काय?" हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. राजरत्न १९२६ साली गेला तेव्हा बाबासाहेबांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात आपलं दुःख लपवलं नाही. बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव वाचले. त्या घराचा वारसा सांगणाऱ्या आपण मुलांना "रडू नको" का शिकवायचं? न रडण्याची शिकवण आणि लाज एकत्र आली की काय होतं, त्याचं एक उदाहरण प्रत्येक मुलाच्या आईबापांना माहीत हवं. अंडकोषाला पीळ पडणं हा प्रकार बहुधा किशोरवयात होतो, पण लहान मुलांतही होऊ शकतो. अचानक जोरात दुखतं, मळमळतं, उलटी होते. मुलगा लाजेने "पोट दुखतंय" एवढंच सांगतो, आपण ओवा देतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो अवयव बहुधा वाचतो, दिवस उलटला तर बहुतेक काढावाच लागतो. म्हणून मुलाचं पोट अचानक जोरात दुखलं की खाली दुखतंय का, सूज आहे का, हे सरळ विचारायचं. त्यासाठी त्या अवयवांची नावं घरात आधीपासून न लाजता घेतलेली असली पाहिजेत. आमच्याकडे पहिल्यांदा ती नावं घेतली तेव्हा धाकट्याने ती विहारात भंतेजींसमोर मोठ्याने म्हणून दाखवली. भंतेजी हसले, आम्ही मान खाली घातली, पण मुलगा शिकला.

मी काही साध्वी नाही. दोन मुलगे वाढवताना हात उठतो. मागच्याच आठवड्यात गव्हाच्या पिठात पाणी ओतून "धरण" बांधलं तेव्हा उठलाच होता. पण अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटची लस घेतल्यावर आम्ही चौघांनी बसून एक ठरवलं आहे. लागलं, चावलं, गिळलं, दुखलं हे जो स्वतः येऊन सांगेल त्याला त्या गोष्टीबद्दल मार नाही, आरडाओरडा नाही. कसं झालं ते बोलायचं, पण आधी उपचार.

याचे परिणाम भोगतो आहोत. दिवसातून चारदा मुंगी चावल्याची खबर येते. थोरला पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला माझ्याकडे वळून पाहतो, आणि पाचव्याला त्याने भर विहारात विचारलं की हे बाबांच्या ऑफिसमधल्या काकांसाठी आहे का. काल संध्याकाळी धाकटा दारात उभा राहिला, हात मागे. "आई, मी सांगतोय, म्हणून मारायचं नाही हं."

"नाही मारणार. काय झालं?"

"अजून झालं नाही. दादा आणि मी टाकीवर चढणार आहोत."