ओट्याची उंची कोणी ठरवली?

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक अलिखित संकेत आहे. चार दिवस गोडाधोडाचे असतात, त्यात कडू कशाला? मलाही तो संकेत मान्य आहे. परंतु माझे भांडण जिथे फराळ होतो त्या जागेविषयीच आहे. तेव्हा आजचा दिवस त्याला अगदीच गैरलागू नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे : आजकाल साताऱ्या-सांगलीच्या सदनिकांतून जुनी स्वयंपाकघरे उखडून जी नवी घातली जातात, त्यांतली बहुतेक रांधणारीला विचारून होत नाहीत. ती आल्यागेल्याला दाखवण्यासाठी होतात. आणि जे घर दाखवण्यासाठी सजते, त्यात राबणाऱ्याचे हाल ठरलेले.

हे मी ऐकीव सांगत नाही. स्वतःच्या खिशाला भोक पाडून सांगतो आहे. आमची सदनिका साताऱ्यात गोडोलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. ओट्याचा कडप्पा चिरला होता, भांडी घासायच्या जागी पाणी तुंबत होते, आणि भिंतीच्या फरशा पोकळ वाजू लागल्या होत्या. म्हणून एके वर्षी गणपती उठल्यावर काम काढले. ठेकेदार गोड बोलणारा होता. "साहेब, वसुबारसेच्या आत तुमच्या घरात दूध उतू घालतो," म्हणाला. मी विश्वास ठेवला. वसुबारस गेली, पाडवा गेला, भाऊबीज गेली. त्या वर्षी आमच्या घरी विकतच्या चकल्या आल्या आणि चहा बैठकीच्या खोलीत खुर्चीवर शेगडी ठेवून झाला. तुळशीचे लग्न लागले तेव्हा कुठे काम संपले.

पण झाले मात्र देखणे! पांढराशुभ्र ओटा, आरशासारखी कपाटे, बोटाने ढकलताच आपोआप मिटणारे खण. आळीतली माणसे येऊन पाहून गेली. मीही चार दिवस मिशीला पीळ देत हिंडलो. पाचव्या दिवशी पाणी प्यायला आत गेलो तो काय पाहतो? हिने ओट्यापुढे जेवणाचा पाट मांडला होता आणि त्यावर उभी राहून ती पिठले घोटत होती.

"हे काय?" मी विचारले.

"ओटा उंच झालाय थोडा. हात अवघडतो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला कोणी विचारलं?"

या एवढ्याशा उत्तरावर मला पुढे काही बोलता आले नाही. खरेच, रंग कोणता हवा हे मी तिला विचारले होते. मूठ पितळी की स्टीलची, हेही विचारले होते. पण ज्या ओट्यापुढे ती दिवसाचे चार-पाच तास उभी राहणार, त्याची उंची ठरवली ठेकेदाराने. आणि तीही का, तर "आजकाल सगळीकडे छत्तीसच घेतात" म्हणून!

आता हिशेब करून पाहा. आमच्या घरातील माणसाची उंची पाच फुटांना दोन इंच कमी. उभे राहिल्यावर कोपर जमिनीपासून साधारण छत्तीस इंचांवर. कामाचा पृष्ठभाग कोपराच्या चार-पाच इंच खाली असावा, म्हणजे पोळी लाटताना खांदे उचलावे लागत नाहीत, हे कोणताही जाणता सुतार सांगेल. तेव्हा तिला ओटा हवा एकतीस-बत्तीस इंचांचा. मिळाला छत्तीसचा. त्यावर शेगडी पाच-सहा इंचांची, तिच्यावर कढई चार इंचांची. म्हणजे कढईचा काठ गेला छातीच्याही वर. उकळते तेल आणि चेहरा यांत अंतर किती उरले ते पाहा, आणि मग तळणीच्या दिवसांत आमच्या बायका खांदे धरून का बसतात याचे आश्चर्य करू नका. बरे, उंच ओट्याचा दोष नाही. उंच सुनेला छत्तीस इंच कमीही पडतील. दोष आहे तो न मोजण्याचा. शिंपी बाहीचे माप घेतल्याशिवाय सदऱ्याला कात्री लावत नाही; आपण लाखांचा दगड बसवतो आणि जिच्यासाठी बसवतो तिचे कोपर मोजत नाही.

स्वयंपाकघराचा असा माप घेऊन विचार जगात झालेलाच नाही, असे नाही. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगार कुटुंबांसाठी नवी घरे बांधली जात असताना मार्गारेट श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी रांधणारी किती पावले चालते, कुठे वाकते, कुठे वळते याचा विचार करून एक छोटे स्वयंपाकघर आखले. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे बसली. आजची आपली खणाखणांची 'मॉड्यूलर' थाटाची स्वयंपाकघरे त्याचीच नातवंडे. पण नातवंडांनी आजीचे दागिने तेवढे घेतले, शहाणपण घेतले नाही. शिवाय ती खोली एकट्या बाईने काम करण्यासाठी होती. आपली दिवाळी एकटीने होत नाही. करंज्यांना चौघी लागतात. एकीने लाटायचे, दुसरीने भरायचे, तिसरीने कातायचे, चौथीने तळायचे, आणि पहिल्या तिघी जमिनीवर ऐसपैस मांडी घालून बसतात. नव्या स्वयंपाकघरात बसायला जमीनच उरत नाही. मधोमध एक बेट उठवलेले असते, आणि त्या बेटावर फळांची परडी असते. फळे बहुधा शोभेची.

आता दुसरा मुद्दा, आणि तो रागाचा आहे. "घर आमचे, आम्ही वाटेल ते करू," हे वाक्य सदनिकेत राहणाऱ्याने तोंडातून काढू नये. सदनिकेत तुमच्या मालकीचे असते ते चार भिंतींच्या आतले. खांब, तुळया, पाया आणि मुख्य भिंती साऱ्यांच्या सामाईक, असे महाराष्ट्राचा १९७० चा अपार्टमेंट कायदाच सांगतो. तरीही बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर एक करण्याच्या हौसेने लोक मधली भिंत बेधडक पाडतात. नळी न्यायची म्हणून तुळईला छिन्नी लावतात. काही भिंती नुसते आडोसे असतात, काही भार पेलतात. कोणती कोणत्या जातीची, हे गवंड्याने बोटाने वाजवून ठरवायचे नसते; इंजिनियरने नकाशा पाहून सांगायचे असते. निदान सातारा जिल्ह्याने तरी हे विसरू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला धरणी हादरली आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. त्या जिल्ह्यात राहून खांबाला भोक पाडणारा माणूस शूर नव्हे, विसराळू आहे.

भिंतीच्या बाबतीत मी वाचलो, पण पाण्याच्या बाबतीत सापडलो. भांडी घासायचे सिंक खिडकीखाली शोभेल, म्हणून ठेकेदाराने ते जुन्या जागेवरून नऊ फूट लांब नेले. सांडपाण्याच्या नळीला फुटामागे पाव इंच तरी उतार हवा. तो द्यायला खणांच्या खाली जागा नव्हती, म्हणून नळी जवळजवळ आडवीच टाकली. तेलकट पाणी साचू लागले, सांधा सुटला, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आधीच खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघराच्या छताला ओल आली. काकू वर आल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त देव उचलून दुसऱ्या खोलीत नेले. मी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन क्षमा मागायला गेलो, तेव्हा त्या रिकाम्या कोनाड्याकडे बघून मला जी लाज वाटली ती कोणत्याही शिवीने वाटली नसती. जमीन उघडली होती तेव्हा पाणी कोंडून दोन दिवस वाट पाहिली असती, खाली जाऊन छत पाहिले असते, तर हे टळले असते. पण दोन दिवस थांबायला ठेकेदाराला वेळ नव्हता. तुळशीच्या लग्नापर्यंत उशीर करायला मात्र होता!

तिसरी गोष्ट जिवावरची आहे. दिसायला वाईट म्हणून गॅसची टाकी बंद कपाटात कोंडण्याची नवी रीत पडली आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. जमिनीलगत साचून ठिणगीची वाट पाहतो. टाकी उभीच हवी, शेगडी तिच्यापेक्षा वर हवी, कपाट करायचेच तर त्याला खाली आणि वर झरोके हवेत, आणि नळी पाच वर्षांनी बदलता यावी म्हणून हात पोचेल अशी हवी. माझ्या ठेकेदाराने झरोके ठेवले नव्हते. "डिझाइन बिघडतं," म्हणाला. डिझाइन!

आता सांगलीकडे वळतो. माझी ताई तिथे गावभागात तळमजल्यावर राहते. तिने आमचे पाहून तसेच करायचे मनात घेतले, तेव्हा मी रात्रीची गाडी पकडून गेलो. पहिली गोष्ट, सांगलीत पांढरा ओटा! ज्या गावची हळद देशभर जाते, ज्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावात पांढऱ्या सच्छिद्र दगडावर फोडणी करायची म्हणजे कोळशाच्या वखारीत पांढरे धोतर नेसून जाण्यासारखे आहे. काळा ग्रॅनाइट काही कमी देखणा नसतो.

दुसरी गोष्ट कृष्णामाईची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले; धोक्याची खूण आहे ४५ फुटांची. २०२१ साली ती पुन्हा आली. पूर ओसरल्यावर भुशाच्या फळ्यांची कपाटे पावासारखी फुगलेली ज्यांनी पाहिली, त्यांना जास्त सांगायला नको. दगडाची मांडणी आणि स्टीलची भांडी मात्र धुऊन पुसून पुन्हा उभी राहतात. शेजारचे हरिपूर पाहा. तिथल्या जमिनीतल्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली. २००५ च्या महापुराने त्या पेवांची दैना केली. जमिनीची जात पाहून साठवण करणारी ती माणसे होती, तरी नदीपुढे त्यांचे चालले नाही. मग आपण तळमजल्यावर कागद चिकटवलेली फळी कोणत्या भरवशावर लावतो? ताईला म्हटले, खाली विटांचे कप्पे आणि कडप्प्याच्या फळ्या घाल, विजेची बटणे उंचावर घे, आणि प्लायवूड लागलेच तर वरच्या कपाटांना आय. एस. ७१० शिक्क्याचे, पाण्यात टिकणारे घे. तिने ऐकले. मेहुण्यांना थोडे वाईट वाटले. त्यांना मिटणारे खण हवे होते.

मला ठाऊक आहे, काही वाचक म्हणतील, "म्हणजे तुम्हाला पुन्हा धुराची चूल आणि अंधारी मोरी हवी!" मुळीच नको. माझ्या आईने त्या धुरात डोळे घालवले. जुन्या स्वयंपाकघराचे गोडवे गाणारे बहुधा त्यात कधी राबलेले नसतात. मला नवे हवे आहे. पण नवे म्हणजे जास्त उजेड, जास्त वारा, कमी वाकणे आणि कमी चालणे. जी चिमणी धूर घराबाहेर नेत नाही, खोलीतच फिरवते, तिला मी नवी म्हणत नाही. ती जुन्या धुराला घातलेली नवी टोपी आहे.

तेव्हा येत्या वर्षी ज्यांच्या मनात काम काढायचे असेल, त्यांनी एवढे करावे. आधी घरातल्या रांधणारीला, आणि रांधणाऱ्यालाही, आठ दिवस विचारावे की कुठे अडते. सोसायटीला लेखी कळवावे आणि खालच्या शेजाऱ्याला तोंडी. पाण्याचे आणि विजेचे काम आधी, देखणेपण मागाहून. मिक्सर, ओव्हन, शेगडी यांची बटणे मोजून घ्यावीत आणि जास्त ओढीच्या यंत्रांना जाड तार वेगळी टाकावी. कोणता माल, किती, कधीपर्यंत, हे कागदावर घ्यावे, आणि पैसे कामाच्या टप्प्याने द्यावेत. शेवटचा हप्ता महिनाभर वापरून झाल्यावर. इमारत नवी असेल तर आणखी एक : रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, पण तुम्हीच आत तोडफोड केली असेल तर तो प्रथम तुमच्याकडेच बोट दाखवणार. आणि सर्वांत महत्त्वाचे : दिवाळीच्या आधी दोन महिने काम काढू नये. काढायचे तर दिवाळी उरकल्यावर काढावे, म्हणजे निदान खोटे बोलायला ठेकेदाराला सणाचा मुहूर्त सापडणार नाही.

आमचा ओटा यंदा उन्हाळ्यात पुन्हा उचकटला. दुसरा गवंडी आणला. त्याने आधी हिला उभे केले, कोपरापासून फूटपट्टी लावली आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. एकतीस इंच. सिंक जुन्या जागी गेले, काकूंच्या छताचे आमच्या खर्चाने गिलाव्यासकट काम झाले, आणि नवरात्रात त्यांचे देव परत कोनाड्यात आले. खर्च दुप्पट झाला. तो शहाणपणाचा म्हणून मी सोडून दिला आहे.

तो पाट आता स्वयंपाकघरात नाही. भाऊबीजेला ताई सांगलीहून येणार आहे. हिने तो घासूनपुसून, भोवती रांगोळी काढायला म्हणून, बाहेर काढून ठेवला आहे.