गार पाणी आणि दाताची कळ

पौषात नवेगाव बांधला पहाटेचा गारठा काय असतो, हे तलावाच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको. गुंडातल्या पाण्याने चूळ भरली की दातातून सणकन कळ जाते आणि माणूस गाल धरून बसतो. तिथल्या एका मजूर बाईंनी मला विचारले होते, "ताई, दात तं साबूत हाय, मंग थंडं पानी कावून लागते?"

भगिनींनो, दाताचे वरचे टणक आवरण म्हणजे एनॅमल. त्याच्या आतल्या पिवळसर थरात केसाहून बारीक अशा हजारो नळ्या असतात. त्यांत द्रव असतो आणि त्या दाताच्या नसेकडे जातात. एनॅमल झिजले, किंवा हिरडी मागे सरकून मूळ उघडे पडले, की नळ्यांची तोंडे मोकळी होतात. गार पाणी लागताच आतला द्रव हलतो आणि नस चाळवते. स्वीडनचे दंतवैद्य ब्रानस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवले. म्हणजे दात न किडताही कळ येते.

राख, कोळसा, विटेची भुकटी, कडक ब्रशने रगडणे यांनी दात झिजतात. खर्रा तर आपल्याकडे पोरांच्याही गालात असतो. सुपारीने दात झिजतात आणि खर्रा दाबून ठेवतात तिथली हिरडी सुटते. बायांमध्ये गुडाखू. 'लावला की ठणका थांबते' म्हणतात. घडीभर बरे वाटतही असेल, पण तंबाखूने हिरडीचे नुकसानच होते आणि तलफ लागते ती वेगळीच. तंबाखूच्या दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. गुडाखूची डबी तरी मिळतेच!

मऊ ब्रश घ्या, हलक्या हाताने घासा. चिंच, बोरे खाल्ल्यावर लगेच घासू नका. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्ध्या तासाने घासा. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मिळते, ती महागडी असते. घेतलीच तर रोज दोनदा, महिनाभर वापरा. चार दिवसांत गुण येत नाही.

मात्र एक खूण लक्षात ठेवा. पाणी गिळले की कळ थांबते, तर वरची झीज समजावी. कळ बराच वेळ राहते, गरम चहानेही ठणकते, रात्री झोपेतून उठवते, तर कीड नसेपर्यंत गेली असण्याचा संभव मोठा. तिथे पेस्टचा उपयोग नाही. चेहरा सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या बाईंचे मऊ ब्रशवर आणि डबी सोडण्यावर भागले. डबी सोडायला मात्र वर्ष गेले. त्यांच्या दिराचा ठणका रात्रीचा होता. मजुरी बुडेल म्हणून तो दात उपटायला निघाला होता. समजावून नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवले. तीन खेपा झाल्या, तीन दिवसांची मजुरी गेली. दात वाचला, आज त्याच दाताने तो चणे खातो.