पगाराआधी घर विचारा

घोडेगावात कांद्याचं वक्कल घेण्याआधी व्यापारी गोणीत हात घालतो. वरचा माल सगळ्यांचाच चांगला दिसतो, तळाशी गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, किती ते बघावं लागतं. तीस वर्षं आडत करूनही मुलाच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी वरचंच वाचलं.

मुलगा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला. नोकरी पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात, टेमा बंदराच्या गावी. पगार डॉलरमध्ये, तिकीट कंपनीचं, आणि शेवटी एक ओळ : राहण्याची सोय केली जाईल. कशी, किती दिवस, कोणाच्या खर्चानं, हे आम्ही कोणीच विचारलं नाही. तीन महिने त्याला कारखान्याच्या आवारात चौघांत एक खोली मिळाली. मग सांगितलं, आता तुमचं तुम्ही बघा.

तिथं घर बघणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. घरमालक एक-दोन वर्षांचं भाडं एकदम मागतात. १९६३ च्या त्यांच्या भाडे कायद्यानं सहा महिन्यांहून जास्त आगाऊ भाडं मागायला बंदी आहे, पण घराची गरज असलेला माणूस कायदा दाखवत बसत नाही. मुलानं दोन वर्षांचं भाडं मोजलं, त्यातलं निम्मं मी इथून दिलं. घर म्हणजे ‘चेंबर अँड हॉल’, आपल्याकडची खोली आणि बैठक. संडास-न्हाणी स्वतःची असेल तर त्याला ‘सेल्फ कंटेन्ड’ म्हणतात आणि भाडं चढतं.

गेल्या ऑगस्टमध्ये मी आणि त्याच्या आईनं त्याच्याकडे जायचं ठरवलं. त्या दिवसांत तिकडच्या किनाऱ्यावर मोठा पाऊस सरलेला असतो आणि हवा थंड असते. नातेवाईक म्हणाले, आफ्रिकेत जाताय, मोठ्या हॉटेलातच राहा. त्या हॉटेलांचे दर डॉलरमध्ये. मुलगा म्हणाला, “आण्णा, फोटो बघू नका. पाण्याची टाकी केवढी, जनरेटर आहे का, खिडकीला जाळी आहे का, एवढं विचारा.” त्यानं घराजवळच एक गेस्ट हाउस पाहून ठेवलं. वीज जाते-येते त्याला तिकडे ‘दुमसोर’ म्हणतात. भारनियमनात विहिरीवरची मोटार चालू करण्यासाठी रात्र जागलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. जाळी मात्र खरंच हवी, कारण तिकडचा मलेरिया जिवावर बेतणारा असतो.

तारीख ठरली ती तिकिटावरून नाही, लशीवरून. पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं कार्ड दाखवल्याशिवाय घानात प्रवेश नाही. ते कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, आणि नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते. आम्ही पुण्याला गेलो. माझी साठी उलटलेली, म्हणून डॉक्टरांनी आधी सगळी तपासणी केली. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना जपावं लागतं. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं.

टेमाला पोचल्यावर मुलाच्या घरात पहिल्यांदा बसलो तेव्हा त्याच्या आईनं भिंतीवरून हात फिरवला. गच्चीवर काळी ‘पॉलीटँक’ होती, दारात शेजारणीनं आणून ठेवलेली केळी. बाजारात कांदा पाहिला, जांभळा, नायजरहून ट्रकनं आलेला. हातात घेऊन वास घेतल्यावर परकं गाव परकं वाटेना. मुलगा आता तिथं सुखात आहे. पण पहिल्या वर्षी त्यानं आम्हाला काय काय सांगितलं नाही, ते त्या खोलीत बसून समजलं.

नेवासा, राहुरी, श्रीरामपूरकडची आणखी पोरं आज आफ्रिकेत निघाली आहेत. त्यांना अडवू नका, देश चांगला आहे आणि माणसं मायाळू आहेत. पण पत्र हातात आलं की आकड्याआधी शेवटची ओळ वाचा. घर किती महिन्यांचं, एकट्याला की चौघांत, आगाऊ भाडं कोण भरणार, पाणी-विजेचं काय, हे कंपनीकडून लेखी घ्या. लिहून देत नसतील तर सही करू नका.