फटाका सायलेन्सर उतरवा: हा शेवटचा इशारा

बुलेटला किंवा आणखी कुठल्या मोटारसायकलला बाहेरचा सायलेन्सर ठोकून आमच्या रस्त्याने फिरणाऱ्या प्रत्येकाने हे नीट वाचावे. येत्या एक तारखेपर्यंत कंपनीचा सायलेन्सर परत बसवा. त्यानंतर कुणाचीही समजूत काढली जाणार नाही.

तुम्ही म्हणता, आवाजाला खर्ज हवा. खर्ज इंजिनात असतो, नळकांड्यात नाही. क्लासिक ३५० चे सिलिंडर ७२ मिलिमीटर व्यासाचे, पिस्टनची धाव ८५.८ मिलिमीटर, आणि क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकच स्फोट. त्या संथ ठोक्यासाठी गाडीला वेगळे काही लावावे लागत नाही. पंजाब, इंदौरी, शॉर्ट बॉटल अशा नावांनी जे विकले जाते, त्यात आतले पडदे आणि कप्पेच नसतात किंवा नावापुरते असतात. स्फोटाचा दाब मोडायला काही उरत नाही, आवाज सरळ बाहेर पडतो. ज्यात डीबी किलर असतो, त्यातलाही तुम्ही पहिल्याच दिवशी काढून टाकता. वर इंजिन बंद-चालू करत न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत पेटवायचे आणि फटाके फोडायचे, तेही प्रसूतिगृहासमोर! याला शौक म्हणायला आम्ही तयार नाही.

१७५ सीसीवरच्या मोटारसायकलला ८० डेसिबलची मर्यादा घालून दिलेली आहे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. रुग्णालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. शिवाय बीएस-६ गाडीची मूळ नळी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट काढलीत, तर आवाजाबरोबर धूरही बेकायदा होतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम १९०(२) वाचा. पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. गाडीत बेकायदा बदल केल्याबद्दल कलम १८२अ वेगळे. आईवडिलांनो, तुमचा अल्पवयीन मुलगा गाडीवर सापडला तर २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद तुम्हाला होऊ शकते. गाडीची नोंदणीही बारा महिन्यांसाठी रद्द होते. हौसेने गाडी घेऊन देताना हे लक्षात ठेवायला हवे होते.

एक तारखेनंतर प्रत्येक गाडीचा नंबर, वेळ आणि व्हिडिओ वाहतूक पोलिसांकडे आणि आरटीओकडे लेखी जाईल. ओळखीचा मुलगा, शेजाऱ्याचा मुलगा, कार्यकर्ता, कुणालाही वगळणार नाही. असे सायलेन्सर बसवून देणाऱ्या गॅरेजांची नावेही त्याच अर्जात असतील. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरताना तुम्ही बातम्यांत पाहिला आहे. तेव्हा तक्रार मागे घ्या म्हणून आमच्या दारात येऊ नका.

मूळ सायलेन्सर माळ्यावर पडला असेल, तो आजच खाली काढा आणि बसवून घ्या.