कोचला किती मार्क?

दोस्तांनो, आपला संघ दुसऱ्यांच्या मैदानावर जिंकून आला, की कोचला पैकीच्या पैकी मार्क द्यायचे ना? थांबा जरा!

1 सप्टेंबर 2007 ची गोष्ट. खेळ अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा तो! खालच्या गटातल्या ॲपलॅचियन स्टेट विद्यापीठानं बलाढ्य मिशिगनला त्यांच्याच घरी, लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर 34-32 असं हरवलं. कोच होते जेरी मूर.

आता पेपर तपासू या. मध्यंतराला मूर यांचा संघ 28-17 असा पुढे होता. नंतर त्यांना मिळाले फक्त 6 गुण आणि मिशिगनला 15! म्हणजे मोठी आघाडी काही टिकली नाही. इथे मार्क कापा.

शेवटची दोन मिनिटं मात्र बघा. 3 गुण देणारी मिशिगनची किक त्यांनी अडवली. मग स्वतः 3 गुण मिळवून पुढे गेले आणि अगदी शेवटच्या क्षणी मिशिगनची आणखी एक किक अडवली! एकदा जमलं तर नशीब म्हणू, पण दोनदा? त्यामागे घाम गाळलेला असणारच. इथे मार्क भरपूर!

तेव्हा पुढच्या वेळी नुसतं 'जिंकलात का?' विचारू नका. 'खेळलात कसे?' हेही विचारा. हरून आलेल्यांनासुद्धा!