ट्रॅक्टरचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार करावयास निघालेल्या मंडळींपुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो. ढासळलेल्या जागीं नवा दगड बसवावा, तर देऊळ जुनें राहिलें असें म्हणतां येईल काय? आणि न बसवावा, तर देऊळ उभें तरी राहील काय? इंग्लंडांत जुने ट्रॅक्टर हौसेनें दुरुस्त करून पुन्हा चालते करणाऱ्यांनाहि हाच पेंच पडतो. मूळ कारखान्याबाहेर दुसऱ्यांनीं बनविलेले सुटे भाग, ज्यांस बाजारांत ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात, ते वापरावे कीं नाहीं?

उदाहरणादाखल फर्ग्युसन टीई-२० हा करड्या रंगाचा लहानसा ट्रॅक्टर घेऊं. १९४६ ते १९५६ या काळांत कॉव्हेंट्री येथील बॅनर लेनच्या कारखान्यांतून असे पांच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. ‘मूळचाच भाग पाहिजे’ असा हट्ट धरणाऱ्यांनीं या यंत्राची कुळकथा एकदां पाहावी. कल्पना हॅरी फर्ग्युसन यांची, कारखाना चालविणारी स्टँडर्ड मोटर कंपनी. आरंभींचें इंजिन अमेरिकेंतील कॉन्टिनेन्टलचें, मागाहून स्टँडर्डचें. कार्ब्युरेटर झेनिथचा आणि विजेचें साहित्य लूकसचें! ज्यास आपण ‘मूळ’ म्हणतों तें असें अनेक घरांचें मिळून झालेलें आहे. तेव्हां भागावर कोणाचें नांव आहे एवढ्यावरून त्याची योग्यता ठरत नाहीं. ती ठरते मापावरून, धातूवरून आणि कामावरून.

माप म्हणजे काय, हें स्टँडर्डच्या इंजिनावरून चांगलें समजतें. पिस्टन ज्यांत खालींवर होतो तें नळकांडें, म्हणजे लायनर, यांत सुटें असून त्याच्याभोंवतीं थंडाव्याचें पाणी खेळतें. दोन दोन लायनरांच्या तळाशीं मिळून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखें एक पातळ गॅस्केट असतें. त्याच्या जाडीवर लायनरची कड ब्लॉकच्या पातळीहून किती वर राहील तें अवलंबून असतें. ती कड इंचाचे कांहीं हजारांश तरी वर हवी, म्हणजे हेडचें गॅस्केट घट्ट दबतें. न दबल्यास पाणी व वायु तेथून निसटूं लागतात. केसाहून बारीक अशा या फरकापायीं सगळी मेहनत फुकट जाते. शिवाय स्टँडर्डच्या पहिल्या पेट्रोल इंजिनांचा व्यास ८० मिलिमीटर, तर पुढच्यांचा ८५. म्हणून भाग मागवितांना ट्रॅक्टरच्या पट्टीवरील अक्षरें व क्रमांक आधीं वाचावे, आणि इंजिन पुढें बदललें गेलें नाहीं ना, हेंहि मोजून पाहावें. नुसतें ‘टीई-२० चा लायनर द्या’ म्हणणें हें ‘आमच्या मुलाला जोडा द्या’ म्हणण्यासारखें आहे!

कांहीं ठिकाणीं तर बाहेरचा भाग मूळ रचनेचा दोष झांकतो. या ट्रॅक्टरच्या मागें अवजार फिरविणारा दांडा असतो. त्यास जोडलेलें गवत कापण्याचें जड फिरतें अवजार क्लच दाबल्यावरहि आपल्या वेगानें फिरत राहतें, आणि तोच वेग उलट दांड्यावाटे गिअरांत शिरून ट्रॅक्टरला पुढें ढकलतो. समोर कोणी उभें असल्यास काय अनर्थ ओढवेल तें सांगावयास नको. सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणें एकाच दिशेनें जोर नेणारी कपलिंग बाहेरून विकत घेऊन त्या दांड्यावर बसविली, कीं ही भीति टळते. येथें ‘मूळांत ती नव्हती’ असें म्हणून अडून बसणें म्हणजे सोंवळ्यापुढें जिवाची पर्वा न करणें होय.

याच्या उलट, बीडाचें ओतकाम, क्रमांकाची पट्टी, बॉनेटचा व मडगार्डचा पत्रा हें त्या यंत्राचें रूप आणि ओळख. पत्रा चेमटला असेल तर ठोकून सरळ करावा. गंजून गेला असेल तेथें तेवढाच तुकडा जोडावा. रबरी सील, बेअरिंगें, गॅस्केटें मात्र झिजण्यासाठींच जन्मलेलीं असतात. तीं नवीं घेण्यांत कसलाहि कमीपणा नाहीं.

या विषयाचा आपल्याशींहि एक धागा आहे. ब्रॅडफर्ड येथें बनणारा इंटरनॅशनल बी-२७५ हा ट्रॅक्टर १९६३ सालीं मुंबईंत स्थापन झालेली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ही येथें बनवूं लागली. १९७७ सालीं ती महिंद्रांत विलीन झाली. आतां भारतीय बनावटीचे भाग त्या जुन्या विलायती ट्रॅक्टरांसाठीं तिकडे विकले जातात. ते परके म्हणावे कीं घरचे?

तात्पर्य इतकेंच कीं, जीर्णोद्धारांत दोष नव्या भागाचा नसतो, बेफिकिरीचा व लपवाछपवीचा असतो. नवा भाग बसवून यंत्र कांहीं तास कामावर चाललें नाहीं तोंवर जुना भंगारांत देऊं नये. माप पडताळावयास तोच साक्षीदार असतो. आणि काय काय बदललें याची टिपणवही यंत्राबरोबर ठेवावी. पुढें ज्याच्या हातीं तो ट्रॅक्टर जाईल, त्याला खरें काय तें कळण्याचा हक्क आहे.